अक्का, तुझं उत्तर कुठल्या चौकटीत?

प्रिय अक्का,

ओळखलंस का? नसशील ओळखलं तर मला नवल वाटायचं नाही. लहानपणी बदलापूरच्या बाजारात मला मिठाच्या दुकानापाशी बसवलंस आणि तशीच घरी निघून गेलीस. आईनं विचारलं, "बायो कुठाय?" तर म्हणालीस, "कुठली बायो?" दिवेलागणीच्या आत धापा टाकत परत आलीस आणि वर मलाच ओरडलीस, हाक का मारली नाहीस म्हणून! तुला जाऊन आता तीन वर्षं झाली. धाकटी एक बहीण होती, एवढं तरी तिकडे आठवतं का गो? तीच मी. बायो. हेंद्रेपाड्याची.

पत्र मंगल लिहितेय, माझी सून. ते 'प्रिय' तिनंच घातलं. मी म्हटलं, अगं, आमच्यात असलं कुणी कुणाला म्हणत नाही, अक्का हसेल. तर म्हणते, "आई, पत्रात म्हणतात." असू दे. मला लिहिता येत नाही, तुला वाचता येत नाही. बरी जोडी आहे. तिकडे एखादी शिकलेली बाई गाठ आणि वाचून घे. मात्र चांगल्या आवाजाची बघ.

तीन वर्षांत पत्र नाही आणि आजच काय झालं, म्हणशील. गेल्या आठवड्यात एक पोरगी कागदांची चळत घेऊन माझ्या ओटीवर आली आणि तुझ्याबद्दल विचारून गेली. आणि येत्या सोमवारी माझ्या लेकीला, शकूला, कचेरीत न्यायचं ठरलंय. हक्कसोड करायला. बापाच्या जमिनीतला माझा वाटा मी भावाला सोडला, असं लिहून द्यायला. तसल्या कागदावर तुझाही अंगठा आहे. माझाही.

आधी त्या पोरीचं सांगते. सलवार-कमीज, खांद्याला पिशवी, केस आखूड. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेची. म्हणाली, "आजी, थोडे प्रश्न विचारायचेत. हेच प्रश्न पुष्कळ देशांत बायकांना विचारतायत. मग मोजायचं, कुठल्या देशात बायकांवर किती बंधनं आहेत."

मी म्हटलं, "मोजायचं? कशानं? पायलीनं की अधोलीनं?"

हसली बिचारी. म्हणाली, "दोन गोष्टी बघतो. कायदा काय म्हणतो ते, आणि लोकांची रीत काय आहे ते. काही देशांत कायदाच बाईला देत नाही. काही ठिकाणी कायदा देतो, पण रीत घेऊ देत नाही."

"मग आपला नंबर पहिला आला तर कळव हो. पेढे वाटीन."

कागदावर नुसत्या चौकटी, अक्का. हो, नाही, सांगता येत नाही. मी बोलायचं आणि तिनं चौकटीत खूण करायची. लग्न ठरवताना तुम्हाला विचारलं होतं का? मी म्हटलं, "विचारलं ना. आईनं विचारलं, हिरवी चोळी शिवू की लाल?" तिनं 'नाही'वर खूण केली. जेवायला घरात आधी कोण बसतं? बाहेर जाताना सांगून जावं लागतं का? नवऱ्यानं हात उगारला तर चालतं असं तुम्हाला वाटतं का? मी म्हटलं, "कुणाला चालतं ते विचार. त्याला चालत होतं." मंगल आत भाकऱ्या थापत होती, तिचा थापण्याचा आवाजच बंद झाला.

मग मीच त्या पोरीला विचारलं, "तुझं लग्न झालंय?"

"हो, आजी."

"भाऊ आहे?"

"एक आहे."

"त्याला सही देऊन झाली का?"

"आमची जमीन नाही हो. फ्लॅट आहे."

"फ्लॅटात वाटा नसतो?"

ती कागदावर वाकली ती वाकलीच. माझी आपली करमणूक चालली होती गो! कितीतरी दिवसांनी कुणी समोर बसून माझं ऐकत होतं. माझा लेक रमेश येता-जाता 'औषध घेतलं का' विचारतो. नातवंडं टीव्हीपुढे. आणि ही पोरगी माझा शब्द न् शब्द ऐकत होती, जणू मी कुणी मोठी बाई.

आणि मग तिनं विचारलं, "आजी, तुम्हाला बहीण?"

"होती एक. अक्का. वेणू."

"वडलांच्या जमिनीत त्यांना वाटा मिळाला?"

माझ्या तोंडातून काय निघालं माहीत आहे? "तिनं आपखुशीनं सोडला." तुझ्या हक्कसोडीच्या कागदावर तसंच लिहिलेलं होतं ना, राजीखुशीनं. तेच इतकी वर्षं घोकलेलं. पोरीनं खूण केली. कुठल्या चौकटीत केली ते मला दिसलं, पण मला काय कळणार? विचारलं तर म्हणाली, "हक्क होता, स्वतःहून सोडला. त्यासाठी ही चौकट आहे."

पुढचा प्रश्न तर त्याहून वाईट. "माहेरच्या माणसाला घरी ठेवून घ्यायचं तर नवऱ्याची परवानगी लागायची का?"

मी म्हटलं, "मी कधी विचारलंच नाही."

"म्हणजे लागत नव्हती," ती म्हणाली आणि तिथेही खूण केली.

झालं! जगातल्या बायकांच्या मोजणीत तुझी धाकटी बहीण मोकळी बाई ठरली, आणि तू राजीखुशीची. चहा पिऊन, पाया पडून पोरगी गेली. पोरगी गुणाची होती, तिची काही चूक नाही. बाप भात कसा मोजायचा आठवतं? पायलीवर शीग चढली की हात फिरवून सपाट करायचा. तसा तिच्या कागदानं हात फिरवला. वरचं सगळं माझ्या ओटीवर सांडून राहिलं, आणि तेव्हापासून मी ते वेचत बसलेय.

आता ऐक. हे मी तुला तू जिवंत असताना सांगायला हवं होतं.

आपण अंगठा द्यायला उल्हासनगरला गेलो, त्याच्या आदल्या दिवशी आपला नामा माझ्याकडे आला होता. तुझा पाठचा म्हणून तू त्याला नामा म्हणायचीस, मी दादा. दादा म्हणाला, "बायो, अक्काला तू सांग. ती तुझं ऐकते." मी विचारलं, "काय आहे कागदात?" त्यानं सगळं सांगितलं, लपवलं नाही. म्हणाला, "तुमचा वाटा सुटतो. पण माहेर राहतं. वाटा मागितलेल्या बहिणीला भाऊबीजेला कोण बोलावतं?" घरात यांनीही तेच सांगितलं. मला सगळं ठाऊक होतं, अक्का.

आणि कचेरीच्या बाकावर बसल्यावर तू विचारलंस, "बायो, आपण काय देतोय गो?"

मी म्हटलं, "काही नाही. बापाच्या जागी दादाचं नाव लावायचंय. नुसता अंगठा."

तू मान डोलावलीस. विचारलंसही नाही परत. कारकुनानं तुझा अंगठा शाईत बुडवला तेव्हा तू हसत सुटलीस, गुदगुल्या होतात म्हणालीस. कारकूनही हसला. मी नाही हसले. तुला आठवतं का ते? मला वाटायचं, तू कधीतरी विचारशील, "तेव्हा तुझं तोंड का उतरलं होतं?" तू कधी विचारलंच नाहीस! का नाही विचारलंस?

कचेरीतून दादानं आपल्याला कॅम्प चारच्या बाजारात नेलं, साड्या घ्यायला. सिंधी दुकानदारानं गाद्यांवर साड्यांचा ढीग उलगडला. "भाईसाब, बहनों को खुश करो, घर में बरकत होगी!" दादा महागातली एक-एक साडी बाजूला सारत होता. तू अबोली रंगाच्या साडीवर हात ठेवलास, तर दुकानदार म्हणाला, "बहनजी की पसंद एक नंबर!" तुझी छाती केवढी फुगली! वाटेत मला म्हणालीस, "बघ, मला माणसं ओळखतात. तूच तेवढी वेडी समजतेस." मीही तसलीच साडी घेतली. ती अजून माझ्या ट्रंकेत आहे, घडी न मोडलेली. तू मात्र तुझी नेसून-नेसून विटवलीस. विचारलं तर म्हणायचीस, "भावानं दिलेली आहे, ठेवून काय करू?"

मग तुझा माणूस गेला. पोर-बाळ नाही. दीर म्हणाले, इथं कुणासाठी राहतेस? आणि तू एक पेटी घेऊन माहेरी आलीस. माहेरी! ज्याच्यासाठी अंगठा दिला होता, त्या माहेरी. चार महिने निघाले. वहिनीनं एक दिवस तुझं ताट वेगळं केलं, मग चूल वेगळी केली, मग गोठ्याच्या बाजूला पडदा लावला. दादा वाईट नव्हता गो. तो नुसता गप्प बसायचा. त्या मोजणीत गप्प बसण्याची चौकट होती का, मी विचारायला विसरले.

त्या दिवसांत एकदा तू माझ्याकडे आलीस. मी वाल सोलत होते, तूही सोलायला बसलीस. दोघींनी मिळून अर्धी टोपली संपवली. मग म्हणालीस, "बायो, तुमची मागची पडवी रिकामीच असते ना?"

मी म्हटलं, "यांना विचारते."

मी विचारलंच नाही, अक्का.

आज-उद्या करत राहिले. हे चिडतील, म्हणून. सासू होती तेव्हा, ती बोलेल, म्हणून. तू परत विषय काढला नाहीस. पुढच्या महिन्यात कळलं, अंबरनाथ पश्चिमेला खोली घेतलीस आणि कॅम्पातल्या शेठाणीचे पापड लाटतेस. हे 'हो' म्हणाले असते की 'नाही', मला अजून ठाऊक नाही. आता तर तेही गेले, विचारणार कुणाला? आणि त्या पोरीच्या कागदावर मात्र लिहिलंय, हिला परवानगी लागत नव्हती.

तुझ्या खोलीवर मी किती वेळा आले? बोटावर मोजण्याइतकी. दर वेळी तू पापड भाजून द्यायचीस, आणि तुझं तेच, "मापात लाटायचा असतो, एवढा न् तेवढा झाला तर शेठाणी परत पाठवते." एकदा विचारलं, अक्का, करमतं का? म्हणालीस, "पापड बोलत नाहीत, पण ऐकतात बरे." मी हसले. आता तसलीच मी झालेय. माझ्याकडे पापडही नाहीत.

तुझ्या जाण्याचा निरोप आला तेव्हा तुला नेऊनही झालं होतं. पुतण्यानं सगळं केलं म्हणतात. मी तुझ्या दाराला कुलूप बघून परत आले. शेजारणीनं तुझा पोळपाट हातात दिला. तो घेऊन स्टेशनच्या बाकावर बसले, आणि तिथे मला उमगलं की आता मला 'बायो' म्हणणारं कुणी उरलं नाही. आई, आजी, काकू, मावशी, सगळं आहे. बायो नाही. बायो तुझ्याबरोबर गेली.

तर सोमवारचं. आमची रस्त्याकडेची जमीन एका बिल्डरला हवीय. नाव एकट्या रमेशचं पाहिजे, म्हणून शकूची सही लागते आणि माझा अंगठा. हे गेल्यावर आम्ही तिघं वारस, असं मंगल सांगते. रमेश परवा माझ्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आई, शकूला तू सांग. ती तुझं ऐकते."

अक्का, तेच शब्द! कुणी शिकवले असतील त्याला? मामानं तर नाही. कुणीच शिकवत नाही. पोटातूनच येतात वाटतं.

काल शकूला बोलावलं. जावयाची कंपनी बंद पडलीय, भाड्याची जागा, दोन लेकरं, तू जिथं राहायचीस त्याच बाजूला. आल्या-आल्या म्हणाली, "आई, कशाला समजावतेस? कागद दे, सही करते. दादाशी वाकडं नको."

मी म्हटलं, "बस." आणि तिला तुझं सांगितलं. अंगठा, साडी, पडवी, सगळं. पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. मग म्हटलं, "तू सही द्यायची नाहीस."

वाटलं, पोरगी गळ्यात पडेल. कसली पडते! उठून उभी राहिली. "मग दिवाळीला मी कुठं येऊ? दादा दार लावून घेईल."

"मी उघडेन."

"आई, घर दादाचं आहे. तू उघडणारी कोण?"

ऐकलंस का गो? ती रडायला लागली. "अक्कामावशीचं माहेर गेलं, आता माझंही घालवतेस? मला जमीन नको, मला यायला जागा हवी." चहा न घेता गेली. मी ओटीपर्यंत गेले, तिनं मागे वळून बघितलं नाही.

संध्याकाळी रमेशला सांगितलं, सोमवारी माझा अंगठा मिळणार नाही. शकूनं सही दिली तरी माझा मिळणार नाही.

"आई, तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"अक्काच्या."

"कोण अक्का? ती पापडवाली मावशी? तिचा इथं काय संबंध?"

त्याला काय सांगू, तुझा काय संबंध ते? तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. ताट येतं, औषध येतं, बोलणं येत नाही. लेक रुसली, लेक रुसला, आणि जिच्यासाठी रुसवून घेतलं ती तू तिकडे. मजाच केलीस हो अक्का माझी!

इथं मंगल लिहायची थांबली. मी विचारलं, "काय गं, हात दुखला?" तर खाली मान घालून म्हणते, "आई, मीही दिली होती सही. माझ्या भावाला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी."

"काय मिळालं?"

"साडी. आणि भाऊबीजेचं बोलावणं."

"अजून येतं?"

"दोन वर्षं नाही आलं." मग म्हणाली, "हे लिहू का पत्रात?"

मी म्हटलं, लिही. नवऱ्याच्या विरुद्ध पत्र लिहितेयस, त्यात हेही येऊ दे. तर लिहिलं तिनं. तिचे डोळे भरलेत, पण अक्षर वळणदार आहे म्हणे.

आता माझं ऐक, आणि या वेळी मी खोटं बोलत नाहीये. सोमवारी मी कचेरीत जाणार आहे. अंगठा द्यायला नाही, 'नाही' म्हणायला, तेही कारकुनाच्या समोर, म्हणजे उद्या कुणी राजीखुशी लिहायला नको. शकूनं सही दिली तर तो तिचा निर्णय, मी तिला तुझ्यासारखं अंधारात ठेवलं नाही, एवढंच माझ्या हातात होतं. पण माझा वाटा माझ्याकडे राहील, आणि माझ्यामागे तो शकूच्या नावावर जाईल, असा कागद मंगल करून आणणार आहे. दिवाळीला दार लागलं तर मी शकूकडे जाईन. लेकीच्या घरी आईनं पाणी पिऊ नये म्हणतात. मी चांगली चार दिवस जेवून येईन. माझी पडवी आता रिकामी नाही ठेवायची, अक्का. कुणी विचारलं तर 'यांना विचारते' म्हणणार नाही. हे वचन.

तुझी
बायो
(अंगठा मी देते म्हटलं, तर मंगल म्हणाली, नको आई, या पत्राला नुसतं नाव पुरे.)

ता. क. रविवारी स्वप्नात येणार असशील तर रिकाम्या हातानं येऊ नकोस. गोडधोड नको, मला पचत नाही. तांदळाची गरम भाकरी आण, आणि लसणीची चटणी, खोबरं न घालता. दोन भाकऱ्या आण. उपाशी पोटी एवढं मोठं 'नाही' तोंडातून निघायचं नाही.